पासावरची शकीला

आयुष्यात मी एकदाच दुसऱ्या मुलीच्या नावानं प्रवास केला, आणि ती मुलगी तेव्हा या जगात नव्हती. हे वाक्य मी दोनदा खोडलं. सून म्हणाली, "अम्मा, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं तर पुढं कोण वाचणार?" म्हटलं, ज्याला वाचायचंय तो वाचेल, नसेल वाचायचं त्यानं खुशाल झोपावं. मला गोष्ट रंगवायची सवय नाही. जन्मभर बांगड्या भरल्या मी लोकांच्या हातात. आधी माप विचारायचं, नक्षीचं मग बघू, अशी आमची रीत.

आमचं घर शिरूरचं. जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणायची. अब्बा मणियार होते. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं टाकून निमोण्याला जायचे, रांजणगावाला जायचे. आता रांजणगाव म्हटलं की कारखाने आणि कंपनीच्या बसगाड्या. तेव्हा तिथं बाया ओसरीवर हात पुढं करून बसायच्या आणि अब्बा नुसती बोटं दाबून माप सांगायचे. ते बघून बघून मीही शिकले. चौदाव्या वर्षी मला कुणाचाही हात नुसता बघून माप कळायचं. माझा स्वतःचा हात थोराड, अडीचचा, म्हणजे दोन-आठचा. "पोरीचा हात हाय का पैलवानाचा?" असं अब्बा चिडवायचे. माझी मामेबहीण शकीला माझ्याच वयाची, पण तिचा हात एक माप लहान, दोन-सहाचा. बोटं अशी मऊ की बांगडी आपोआप मनगटावर उतरायची. मला तिचा राग यायचा त्या हातापायी, हे आज कबूल करते.

शकीला दौंडची. उस्मानमामू दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते, आणि रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या होत्या त्यांना. दर सुट्टीत मी एस.टी.नं दौंडला जायची. त्या घरात कधी शांतता म्हणून नसायची. शंटिंगचे धक्के, वाफेचा फुसकारा, शिट्ट्या. मुमानी, म्हणजे माझी मामी, चुलीपुढं बसल्या बसल्या शिट्टीवरून ओळखायची की कुठलं इंजिन शेडमध्ये आलं आणि मामूला यायला किती वेळ लागेल. दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची बारीक भुकटी बसायची. थंडीत आम्ही दोघी बादल्या घेऊन यार्डात जायचो, ड्रायव्हरकाका इंजिनाचं उकळतं पाणी द्यायचे आणि त्या पाण्यानं अंघोळ केली की अंगाला तेलाचा वास यायचा. मुमानीच्या हातचा खिमा आणि ज्वारीची भाकरी मी ज्या चवीनं खाल्ली ती चव मला पुन्हा कुठं भेटली नाही. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, बाहेर दौंडची मराठी. इथं सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर नातवंडं म्हणायची, आजी, हे कुठल्या भाषेत लिहिलंय!

विषमज्वरानं शकीला गेली. सतरा दिवसांचा ताप. मामू ड्यूटीवर होते, तेव्हा पलीकडच्या चाळीतले जगताप टीसी तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. पुढं मयतीला कबरस्तानापर्यंत आले, मूठभर माती टाकून गेले. जगतापांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत. त्यानंतर वर्षभर मुमानी घराबाहेर पडली नाही. रडली असती तरी बरं झालं असतं. ती रडली नाही आणि "शकीला गेली" असे शब्दही तिच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. बायका भेटायला आल्या तर ती चहा ठेवायची आणि पाण्याच्या नळाचं, रॉकेलचं एखादं वाक्य बोलायची. कुणी पोरीचा विषय काढला की उठून आत. मामू रोडावले. एकदा शिरूरला येऊन माझ्या अम्मासमोर बसले आणि म्हणाले, "आपा, घरात माझ्याशी कुणी बोलत न्हाई गं. मी इंजिनाशी बोलतो."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जागा बदला, बाईंना चार दिवस कुठंतरी फिरवून आणा. मामूनं शकीलाला मुंबई दाखवायचं वचन दिलेलं होतं. ती पोरगी बोटांवर मोजायची, राणीचा बाग, मासे, दोन मजली बस, समुद्र, कव्वाली. पाच बोटं, पाच गोष्टी. मामूनं पास काढला. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसकट फुकट प्रवासाचा पास मिळायचा आणि त्यावर घरच्यांची नावं, वयं लिहिलेली असायची. कारकुनानं जुन्या रजिस्टरवरून नावं उतरवली: पत्नी, आणि मुलगी शकीला. तिचं नाव कमी करायला अर्ज द्यावा लागतो, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. मामूच्यानं तो अर्ज वर्षभर लिहवला नव्हता.

मला सोबतीला बोलावलं होतं. माझ्या तिकिटाचे पैसे अब्बांनी दिले होते, मामूच्या खिशात होते. निघायच्या सकाळी मुमानीनं पास हातात घेतला. तिला थोडं वाचता यायचं. त्या एका नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "तिकीट कशाला काढायचं हिचं? हे नाव हाय की."

मामू म्हणाले, "अगं, येडी का खुळी? दुसऱ्याला पासावर नेलं तर नोकरी जाईल माझी. खोलीपण जाईल."

"मग मी न्हाई येत. हे नाव रिकामं गाडीत बसणार असंल, तर मी न्हाई."

वर्षभरात इतकं लांबलचक ती पहिल्यांदाच बोलली असेल. मामू माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? चौदा वर्षांची पोर, मला मुंबई बघायची होती. मामूनं मला न्हाणीपाशी नेलं आणि हळू आवाजात समजावलं, "हे बघ हमीदा, गाडीत बसलीस की तू शकीला. बोरीबंदरला उतरलीस की हमीदा. येतानाही तसंच. कुणी इचारलं तर नाव, वय, बापाचं नाव, धडाधडा सांगायचं. जगताप सायबाची मी ड्यूटी बघून ठिवलीय, हा आठवडा ते सोलापूरकडं हायेत. बाकी कुणी आपल्याला वळखत न्हाई." मी मान डोलावली.

पुण्याच्या पुढं टीसी आला. अनोळखी, चष्म्याचा. त्यानं पास उलटसुलट केला, माझ्याकडं बघितलं. "नाव काय?" "शकीला उस्मान शेख," मी म्हटलं. "वय?" "चौदा." मामू खिडकीबाहेर बघत होते. टीसी गेला. मी वळून बघितलं, तर शेजारी मुमानी हसत होती. खरंच हसत होती! तिनं पुरचुंडीतून गुळाची पुरी काढली, तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "खा, शकीला." म्हटलं, गाडीत आहोत अजून, ठीक आहे.

बोरीबंदरला उतरलो. ती गर्दी, ते उंच छत, हमालांचे लाल शर्ट; माझी मान वर करून करून दुखायला लागली. मामू मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "हमीदा, पिशवी धर." मुमानीनं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडं दिली. "शकीला, नीट धर हां, चोर असत्यात." मामूनं माझ्याकडं बघितलं, मी मामूकडं. दोघंही काही बोललो नाही. तिथंच बोलायला हवं होतं, असं मामू पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

भायखळ्याला मामूच्या एका जुन्या सोबत्याची खोली होती. तो गावी गेलेला, किल्ली मामूकडं. चाळीतल्या बाया चौकशीला आल्या. मुमानी, जी दौंडात तोंड उघडत नव्हती, ती त्यांच्याशी गप्पा मारत बसली. "ही माझी लेक, शकीला. आठवीत हाय. लई हट्टी. मुंबई मुंबई करून जीव खाल्ला हिनं." मी तिथंच उभी. शकीला आठवीत गेलीच नव्हती, सातवीच्या परीक्षेआधीच ती गेली. म्हणजे मुमानी मनातल्या मनात तिला वर्षभर वाढवत होती! त्या रात्री मामू मला गॅलरीत म्हणाले, "चार दिवस, बेटा. चार दिवस ओ दे. ती जेवायला लागली बघ." आणि खरंच, तिनं त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी ओ देत राहिले.

मुंबई बघितली ती शकीलाच्या बोटांच्या क्रमानं. पहिल्या दिवशी राणीचा बाग. दुसऱ्या दिवशी मत्स्यालय, तिथं काचेमागं पिवळे-निळे मासे. मुमानी काचेला नाक लावून म्हणायची, "बघ गं, तू म्हणत व्हतीस तसाच हाय!" मी कधी काही म्हणालेच नव्हते. मला विमान बघायचं होतं. सांताक्रूझला जाऊन विमान उडताना बघायचं, एवढीच माझी इच्छा, आणि ती मी दोनदा बोलून दाखवली. माझं कोण ऐकतंय! मुमानी म्हणाली, "तुला कवापासून इमानाचं याड लागलं?" दोन मजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढं बसून आम्ही चौपाटीला गेलो. दिवे लागत होते. समुद्राच्या कडेनं एकामागून एक दिवा पेटत गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा इतका उजेड एकदम पाहिला. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर मस्कापाव आणि चहा. मामूनं बशीत चहा ओतून फुर्र केलं तर शेजारचा साहेब वळून बघायला लागला, आणि आम्ही तिघं खो खो हसलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. मुमानी माझे केस विंचरायची, रात्री पाय दाबायची. माझी अम्मा पाच पोरांची आई, तिला कुठला वेळ? असे लाड माझे कुणी केले नव्हते. मला ते आवडायला लागले होते, आणि आवडतात म्हणून जास्त भीती वाटायची. हे लाड माझे नव्हते. ज्या मुलीचे होते तिच्या मातीवर अजून गवतसुद्धा नीट उगवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुमानी मला बांगड्यांच्या बाजारात घेऊन गेली. दुकानदार उत्तरेकडचे, पण माल मात्र असा की अब्बांनी बघितला असता तर तिथंच मांडी घालून बसले असते. मुमानीनं हिरव्या बांगड्या निवडल्या, सोनेरी ठिपक्यांच्या. दुकानदारानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, अडीच. मुमानी म्हणाली, "न्हाई. दोन-सहा. माझ्या लेकीचं माप मला म्हाईत न्हाई का?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मणियाराची पोर मी. तोंड उघडून "हे माप माझं नाही" एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मुमानीचा चेहरा असा होता की माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी अंगठा आत दुमडला. त्यानं तेल लावलं आणि एकेक बांगडी हाडावरून सरकवली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एका हातात सहा, दुसऱ्या हातात सहा. अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलून निघाली आणि रक्ताचा ठिपका आला. तो वण अजून आहे. मुमानी म्हणाली, "थोडा हात भरला गं तुझा. गेल्या साली पटकन जायच्या."

त्याच संध्याकाळी कव्वाली होती, पाचवं बोट. एका मैदानात मांडव घातलेला. एका बाजूला पुरुष कव्वालाची पार्टी, दुसऱ्या बाजूला बाईची, दोघांचा मुकाबला. बाहेर सळ्यांवर कबाब भाजत होते, मालपुवे तळत होते, अत्तराचा आणि धुराचा वास एक झालेला. बायकांची बसायची जागा वेगळी, कनातीआड. मामू पुरुषांत बसले, मी आणि मुमानी बायकांत. टाळ्यांचा असा कडकडाट मी कधी ऐकला नव्हता. बाई गाऊन थांबली की पुरुष उत्तर द्यायचा आणि लोक उभे राहून ओरडायचे. माझे हात सुजले होते. बांगड्या रुतत होत्या. "पाणी पिऊन येते," असं म्हणून मी उठले आणि कनातीबाहेर आले ती चुकले. चारी बाजूंना एकसारखी कनात, एकसारखे दिवे, एकसारखे बुरखे. ज्या फटीतून बाहेर आले ती फट मला सापडेना. एका कनातीला हात लावत लावत मी फिरत राहिले. मालपुव्याच्या कढईपाशी दुसऱ्यांदा आले तेव्हा रडू फुटलं.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि कर्ण्यातून आवाज आला. "एक लडकी खो गई है। नाम शकीला, उम्र चौदा साल। दौंड से आई है। शकीला, जहाँ भी हो, स्टेज के पास आ जाओ। तुम्हारी माँ रो रही है।"

मी जागेवर थिजले. तुम्ही म्हणाल, येडी, तुलाच बोलवत होते. आज मला कळतं. तेव्हा नाही कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं की शकीला हरवलीय, दौंडची शकीला, आणि हे लोक तिला एवढ्या मोठ्या शहरात हाका मारतायत, आणि ती येणार नाहीय. पुन्हा आवाज आला. "शकीला, तुम्हारी माँ रो रही है।" लोक आजूबाजूला बघत होते, पोरींचे चेहरे निरखत होते. एका बाईनं मला विचारलं, "तू शकीला का गं?" आणि मी "नाही" म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. चार वेळा पुकारा झाला आणि चारही वेळा मी तिथंच उभी राहिले, कानांवर हात ठेवून.

शेवटी मामूनंच मला शोधलं. त्यांनी दंड धरून स्टेजमागं नेलं. मुमानी जमिनीवर बसली होती, ओढणी कुठं, चप्पल कुठं. वर्षभर जे रडणं आलं नव्हतं ते सगळं आलं होतं. मला बघून ती उठली, माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि लगेच मिठी मारली. "कुठं गेली व्हतीस शकीला? कुठं गेली व्हतीस मला सोडून?" तिच्या मिठीत माझे हात आवळले गेले, बांगड्या रुतल्या, आणि मी तिला ढकललं. दोन्ही हातांनी ढकललं आणि ओरडले, "मी शकीला नाही! शकीला मेली! मी हमीदा आहे, हमीदा!"

सगळे ऐकत होते. मुमानीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे मी विसरले नाही, पण त्याबद्दल मी लिहिणार नाही. मामू म्हणाले, "चला." आम्ही टांग्यात बसलो.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मुमानी पुन्हा गप्प झाली, दौंडात होती तशीच. सकाळी तिनं खाल्लं नाही. मामूनं मला एका शब्दानं रागावलं नाही, त्यामुळं मला जास्तच शरमल्यासारखं झालं. चार दिवस ती हसत होती, जेवत होती, आणि मी एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं. गाडीत बसताना मी मनाशी ठरवलं, आता कुणीही विचारलं तरी मी शकीला. जोरात सांगायचं. दौंड येईपर्यंत मी तिचीच लेक. घाटातले बोगदे आले, डब्यात अंधार झाला, आणि प्रत्येक बोगद्यात मी ते नाव ओठांतल्या ओठांत घोकत होते.

पुणं गेलं. मामूनं पाठ टेकली, आता तासाभराचा रस्ता. हडपसर गेलं आणि डब्याच्या त्या टोकाला काळा कोट दिसला. मी मामूचा चेहरा बघितला आणि मला न बघताच कळलं. जगताप टीसी. त्यांची ड्यूटी बदलली होती, दुसरं काय! ज्यानं शकीलाला हातगाडीवर नेलं, मातीला जो उभा होता, तोच माणूस एकेक तिकीट तपासत आमच्याकडं येत होता. मामू उठायला गेले, मग बसले. उठून जाणार कुठं? धावती गाडी ती.

जगताप आले. "उस्मानभाई! मुंबईला जाऊन आला व्हय? बरं केलं, वहिनींना जरा मोकळी हवा." हसून त्यांनी पास घेतला. वाचला. हसू गेलं. पास हातात तसाच धरून ते माझ्याकडं बघायला लागले. समोरच्या बाकावर पाच-सहा माणसं होती, एक रेल्वेचा माणूस युनिफॉर्ममध्ये होता, सगळ्यांच्या देखत. त्यांनी न विचारता शिक्का मारला तर त्यांची नोकरी जाणार, आणि विचारलं तर मामूची.

"नाव काय गं पोरी तुझं?" जगतापांनी हळू विचारलं.

"शकीला," मी म्हटलं. मोठ्यानं, ठरवलं होतं तसं. "शकीला उस्मान शेख. वय चौदा."

जगतापांनी डोळे मिटले. मामूनं बाकाची कड घट्ट धरली होती. गाडी कुठल्यातरी लहान स्टेशनातून न थांबता गेली, फलाटाचे दिवे खडखड करत मागं गेले.

"न्हाई, दादा." मुमानी बोलली. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती, ती वळली. "पोरगी माझ्यापायी खोटं बोलती. ही शिरूरची हमीदा, माझ्या नणंदेची लेक. शकीला गेली." ती थांबली. "माझी शकीला गेली, दादा. तुम्ही व्हता की मातीला. नाव राह्यलंय पासावर, ते मी काढू दिलं न्हाई. ह्यांचा काय गुन्हा न्हाई, हट माझा व्हता. काय लिहायचं ते लिवा."

जगतापांनी टोपी काढली. मग पुन्हा घातली, खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि दंडासकट एका तिकिटाची पावती फाडली. मामूच्या खिशात अब्बांनी दिलेले पैसे तसेच होते, तेच त्यांनी दिले. पास परत देताना जगताप म्हणाले, "विनातिकीट प्रवासी, एक. तिकीट वसूल केलं. माझं काम झालं. उस्मानभाई, आठ दिवसांत अर्ज द्या. मीच पेन घेऊन येतो, आपण लिवू." आणि ते पुढच्या बाकाकडं वळले. समोरच्या माणसाला तिकीट मागताना त्यांना दोनदा मागावं लागलं.

मुमानीनं माझा हात ओढून मांडीवर घेतला. सुजलेला हात बघितला, अंगठ्याखालचं वाळलेलं रक्त बघितलं. "एवढं दुखत व्हतं, आन् बोलली न्हाईस?" दौंडला घरी गेल्यावर तिनं चुलीपुढं बसून खोबरेल लावून एकेक बांगडी काढली. बारापैकी एकही फुटू दिली नाही. ओढणीत बांधून पेटीत ठेवल्या. पुढच्या रविवारी जगताप आले, अर्ज लिहिला गेला. दाखला मुमानीनंच पेटीतून काढून दिला. मग ती कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत गेली, बायकांनी आत जायची रीत नाही, आणि बराच वेळ तिथं उभी राहिली.

त्यानंतर तिनं मला कधी शकीला म्हटलं नाही. पुढं तिला दोन मुलगे झाले. माझ्या लग्नात माझ्या हातात बांगड्या तिनं भरल्या. मामू गेले, चाळ सुटली. ती नव्वदीला टेकली तेव्हा तिला माणसं ओळखू येईनात. मुलाला भाऊ म्हणायची, सुनेला नर्स. तिच्या धाकट्या मुलाचा फोन आला, ये म्हणाला, फार दिवस नाहीत. दौंडला जाताना एस.टी.त मी मनाशी तयारी केली होती. ती मला शकीला म्हणणार. आणि मी ओ देणार. त्या मांडवात जी ओ दिली नाही ती आता देणार, एकदा नाही, म्हणेल तितक्यांदा.

तिच्या खाटेपाशी बसले. तिनं डोळे उघडले, बराच वेळ बघत राहिली. मी ओठ उघडून वाटच बघत होते. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं दाबली, अंगठ्याच्या बुडाशी आली आणि तिथल्या वणावर तिचा अंगठा थांबला.

"हमीदा," ती म्हणाली. "अडीचचा हात हाय गं तुझा. मला तवाच ठावं व्हतं."